इजापूरचं भुयार आणि बांगडीतल्या पिना

आमच्या माहेरच्या वाड्यातलं भुयार थेट विजापूरला जातं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मंगळवेढ्याकडं भुयार नसलेला जुना वाडा शोधून सापडायचा नाही. कुणाचं विजापूरला निघतं, कुणाचं दामाजीपंतांच्या कोठाराखाली. आमचं विजापूरला. दोन स्वार जोडीनं जातील एवढं रुंद, असं अण्णा सांगायचे. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. भुयाराचं तोंड मात्र माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, फरशीखाली, अडीच फूट बाय दोन फूट. घोडा तिथून उतरायचा कसा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "तवाची घोडी बारकी असायची."

मी सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात नकाशे काढते. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून बावीस वर्षं हेच. दिवसभर प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन. भिंत कुठून कुठं जाते हे सांगायचे मला पैसे मिळतात, आणि माझ्याच घराखालचं भोक कुठं जातं ते मला ठाऊक नाही, हे बरेच दिवस टोचत होतं.

त्याला वाट दाखवली आंध्रातल्या बेलमच्या गुहेनं. सोलापूर स्टेशनवरून मद्रास लाइनच्या गाडीत बसलं की रायचूर, गुंतकल करत ताडिपत्रीला उतरता येतं. तिथून गुहा तासाभरावर. ऑफिसातली एक मैत्रीण पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, त्यामुळं रिक्षावाल्यापासून गाइडपर्यंत सगळ्यांशी घासाघीस तिनंच केली. ही गुहा चुनखडकातली. आपल्या घरात शहाबादी फरशी असते ना, साधारण त्याच जातीचा दगड. पाण्यानं तो विरघळतो आणि वाटा तयार होतात. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, असा विरघळत नाही, म्हणून महाराष्ट्रात गुहा म्हटलं की लेणीच डोळ्यांपुढं येतात, छिन्नीनं कोरलेली. बेलमची लांबी ३,२२९ मीटर. १९८२-८३ साली डॅनियल गेबाउअर यांच्या जर्मन पथकानं ती मोजली. पर्यटकांना त्यातला निम्मासुद्धा भाग दाखवत नाहीत.

बाकीचे लोक झुंबरासारखे लोंबणारे दगड बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच: ३,२२९ मोजलं कसं? आत जीपीएस चालत नाही. वर आकाश नसलं की उपग्रह नाहीत. टोटल स्टेशनची, म्हणजे साइटवरच्या मोजणीयंत्राची, तिपाई चिंचोळ्या बिळात मांडणार कुठं? घरी येऊन शोधलं तर उत्तर माझ्याच पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये होतं. कंपास ट्रॅव्हर्स. एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जायचं, दर वेळी तीन गोष्टी लिहायच्या: अंतर, दिशा, चढउतार. परदेशातले गुहावाले आजही हेच करतात, फक्त हत्यार बदललं. स्वित्झर्लंडच्या बेआट हेब यांनी लायकाच्या लेझर मीटरमध्ये स्वतः बनवलेला सर्किट बोर्ड बसवला, तोच डिस्टोएक्स. एक बटण दाबलं की तिन्ही आकडे ब्लूटूथनं मोबाइलवर. पण वापरण्याआधी त्याला वेगवेगळ्या दिशांना ५६ वेळा रोखून कॅलिब्रेट करावं लागतं, आणि मुख्य म्हणजे तो मधल्या मारुतीजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. तिथं साधा लेझर मीटर मिळाला. प्रिझमॅटिक कंपास कॉलेजच्या काळातला, पितळी, वडिलांनी घेऊन दिलेला. चढउतारासाठी कोनमापक आणि ओळंबा. झालं सर्वेक्षण खातं तयार.

होळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही उतरलो. उतरलो म्हणजे आठ दिवस आधीपासून दादानं तोंडावरची फरशी काढून ठेवली होती आणि आदल्या दिवशी अर्धा दिवस पंखा लावून हवा खेळवली होती. यात कुणी हयगय करू नये. आमच्याकडं ज्वारीच्या पेवात गुदमरून गेलेल्या माणसाची गोष्ट घरटी एक आहे. साठवलेलं धान्य श्वास घेतं, ऑक्सिजन खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि तो जड असल्यानं तळाशी बसून राहतो. वरून काहीच कळत नाही. आम्ही कंदील सोडून बघितला, कमरेला दोर बांधला, साइटवरची हेल्मेटं घातली आणि एक माणूस कायम तोंडाशी बसवला. तो माणूस म्हणजे अण्णा. "विजापूर आलं की हाळी द्या," म्हणाले.

आत आठ पायऱ्या, मग दगडी बांधणीची बोळ. ताठ उभं राहता येत नाही, पण रांगावंही लागत नाही. खडूनं भिंतीवर खूण करायची, आकडा लिहायचा, पुढं जायचं. दिशा मी पुढच्या खुणेकडं बघून वाचायची, दादानं पुढच्या खुणेवरून मागं माझ्याकडं बघून. दोघांच्या आकड्यात बरोबर १८० चा फरक यायला हवा. शिवाय प्रत्येक खुणेपाशी डावी भिंत किती लांब, उजवी किती, वर किती, खाली किती. भुयाराला अंग येतं ते या चार आकड्यांवर.

तिसऱ्या खुणेवरून चौथीकडं दिशा वाचली तर १५८ अंश. आमच्या गावाहून विजापूर साधारण १६० ला आहे. दादानं तिथूनच हाळी दिली आणि वरून अण्णांचा आवाज आला, "म्या काय सांगत हुतो!" पुढच्या दोन खुणांतच बोळ उजवीकडं वळली आणि १५८ चे २३० झाले. हे आम्ही वर कळवलं नाही.

आठवी खूण लक्षात ठेवा, तिच्यामुळंच पुढचं सगळं. सातव्या खुणेपाशी छत इतकं खाली होतं की कंपासमागं डोकंच जाईना. म्हणून मी सरपटत आठवीवर गेले आणि तिथून उलटं, सातवीकडं बघून दिशा घेतली. डाव्या हातात टॉर्च, उजव्यात कंपास, वही दातात. अंतर १.९५ मीटर. अकराव्या खुणेला बोळ एका गोल खोलीत उघडली, तिथं पाठ सरळ करता आली. अठराव्या खुणेला पुढं उजेड दिसला. घाणेरीच्या झुडपातून डोकं बाहेर काढलं तर मी परड्यातल्या पडक्या पायविहिरीत. त्या भोकातून कधीकाळी मोटेचं पाणी आत घेत असावेत, असं आजवर सगळे समजत होते. शेवटी अंगणातून टेप टाकून विहिरीपासून माजघरापर्यंत वरचा रस्ताही मोजला. म्हणजे जिथून निघालो तिथंच परत. याला लूप म्हणतात. लूप नसेल तर तुम्ही किती चुकलात ते तुम्हाला कधीच कळत नाही.

सोमवारी रात्री जुळे सोलापुरात, पोरं झोपल्यावर, आकडे भरायला बसले. सॉफ्टवेअरचं नाव सर्व्हेक्स. केंब्रिज विद्यापीठाच्या गुहावाल्या क्लबमधल्या ऑली बेट्स, वुकी या मंडळींनी ते नव्वदच्या दशकापासून वाढवलं. फुकट आहे. ऑफिसात नकाशे काढायच्या ऑटोकॅडच्या सवयीनं उघडलं की माणूस बावचळतो, कारण रेघ ओढायची सोयच नाही. साधी टेक्स्ट फाइल. वर एक ओळ, की आकडे कुठल्या क्रमानं आहेत; आणि खाली आमची बोळ:

३ ४ ४.१२ १५८ -६

तिसरीवरून चौथीवर, चार मीटर बारा सेंटिमीटर, दिशा १५८, सहा अंश खाली. अशा अठरा ओळी, मग वरच्या रस्त्याच्या वेगळ्या. फाइल केव्हर्न नावाच्या प्रोग्रामला दिली की तो सगळी गणितं करतो, आणि जे तयार होतं ते एव्हन नावाच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये बघायचं. माउसनं धरून फिरवा, पी दाबा की वरून प्लॅन, एल दाबा की बाजूनं एलिव्हेशन, स्पेसबार दाबा की मॉडेल आपोआप गोल फिरायला लागतं. खोलीप्रमाणं रंग बदलतो. काळ्या पडद्यावर ती रंगीत रेघ फिरताना बघून मी खरोखर नवऱ्याला झोपेतून उठवलं. त्यानं एक डोळा उघडून "छान आहे, शेव आहे का" विचारलं.

इथं मी फसले. लूप जुळत नसला तर केव्हर्न रडत नाही. जो काही फरक उरतो तो लीस्ट स्क्वेअर्सनं सगळ्या खुणांवर थोडा थोडा वाटून टाकतो आणि दोन टोकं व्यवस्थित जुळवून देतो. दहा जणांच्या हॉटेलच्या बिलात दोनशे रुपये कमी पडले आणि सगळ्यांनी वीस-वीस काढले, की मालकाला वाटतं हिशेब बरोबर. पडद्यावर सगळं झकास दिसतं. पण शेजारी एक एरर फाइलही तयार होते, तिच्यात खरं काय ते लिहिलेलं असतं. ती मी दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, निव्वळ कुतूहलानं उघडली. १०३.४ मीटरच्या लूपमध्ये ४.७ मीटरची चूक. साडेचार टक्के. ब्रिटिश गुहावाल्यांच्या अचूकतेच्या पाचव्या ग्रेडला दिशा एका अंशाच्या आत आणि अंतर दहा सेंटिमीटरच्या आत लागतं. माझा प्लॅन ऑफिसात एवढा चुकला असता तर सरांनी कागद परत टाकला असता.

मग लूप मुद्दाम तोडला. शेवटच्या खुणेचं नाव बदललं, म्हणजे केव्हर्नला टोकं जुळवता येईनात, आणि परत फिरवून बघितलं. एलिव्हेशनमध्ये काही दिसेना. प्लॅनमध्ये मात्र सातवीपाशी रेघ पुढं जायच्या ऐवजी आल्या वाटेनं मागं फिरत होती आणि तिथून पुन्हा पुढं निघत होती. आठवीच्या दोन्ही भिंती सहावी-सातवीच्या भिंतींवर चढल्या होत्या. दोन मिनिटं बघत बसले, मग डोक्यात उजेड पडला. दिशा मी आठवीवरून सातवीकडं घेतली होती आणि लिहिली होती सातवीवरून आठवी. उलट्या पायरीची चूक पायरीच्या दुप्पट येते: १.९५ चे ३.९. सर्व्हेक्समध्ये दुरुस्ती म्हणजे दोन अक्षरं: "७ ८" च्या जागी "८ ७". खुणांचा क्रम त्याला कसाही चालतो, खरं तेवढं सांगायचं.

चूक १.६ वर आली. आता दोष दगडाला दिला. बेसॉल्टमध्ये लोहाची चुंबकीय खनिजं असतात, कंपास त्यानं वाकडा होतो, पुस्तकात याला लोकल अ‍ॅट्रॅक्शन म्हणतात. मैत्रिणीला हे मी फार ऐटीत समजावून सांगितलं. मग दादाला फोन करून त्याच्या वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले आणि त्याचे उलटे आकडेही भरले. केव्हर्ननं अठरापैकी बहुतेक ओळींना इशारा दिला: पुढची आणि मागची दिशा जुळत नाही. कुठं दोन अंश, कुठं चार. आणि फरक नेहमी एकाच बाजूला. दगडाचा दोष असता तर आज इकडं, उद्या तिकडं झाला असता, आणि एकाच खुणेवर दादाचे आणि माझे आकडे सारखेच बिघडले असते. बिघडत होते ते मी वाचलेले.

कंपास ऑफिसच्या टेबलावर ठेवला. सनमायकाचं टेबल, लोखंड नाही. तबकडी थांबू दिली. प्रिझममधून ९० वाचलं. मग उजवा हात नेहमीसारखा जवळ नेला तर तबकडी हलली आणि ९३ वर जाऊन बसली. हात काढला, ९०. पुन्हा नेला, ९३. हातात काय, दोन पाटल्या, काचेच्या बांगड्या, आणि बांगडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना. पिना काढून परत हात नेला. तबकडी ढिम्म. मैत्रीण इतकी हसली की शेजारच्या केबिनमधून सर डोकावले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तिसरीपासून ऐकते, पण अंगणाऐवजी साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टला वाकडं म्हणणारी मीच पहिली असेन.

माझ्या दिशा काढून टाकल्या, दादाच्या ठेवल्या. चूक आली ३१ सेंटिमीटर. ०.३ टक्के. भुयाराची लांबी ६१.४ मीटर. विजापूर साधारण ८० किलोमीटर.

मधल्या काळात भाच्यानं त्याच्या आयफोनवर, लायडारनं, म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरनं, आतून स्कॅन करून आणला. पाच मिनिटांत. दगडांचा रंग, खडूच्या खुणा, कोळ्याची जाळी, सगळं जसंच्या तसं. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. पण त्या लायडारचा पल्ला पाचेक मीटर, आणि फोन मागच्या तुकड्याला पुढचा तुकडा अंदाजानं चिकटवत जातो. लांबट बोळीत हळूहळू तो भरकटतो. त्याच्या मॉडेलमध्ये भुयार विहिरीच्या दोन मीटर अलीकडंच जमिनीतून वर येत होतं. तरी तो फेकला नाही. सांगाडा माझा आणि कातडी त्याची, असं जुळवायचं काम अजून चालू आहे.

भिंतींसाठी मग मी थेरिअन घेतलं. स्लोव्हाकियाच्या स्ताखो मुद्राक आणि मार्टिन बुदाय यांचं हे काम. सर्व्हेक्सला भूमितीची आवड आहे, थेरिअनला नकाशाची. त्यात तुम्ही हातानं काढलेलं स्केच खुणांवर बसवून भिंती गिरवायच्या. आकडे बदलले की स्केच आपोआप ताणलं-वाकवलं जातं, पुन्हा काढावं लागत नाही. ज्यानं एका बीमच्या बदलापायी सात शीटं परत काढली आहेत त्यालाच याचं मोल कळेल. त्याच भिंतींना उंची दिली की त्रिमितीय आकार तयार होतो, आणि तो लॉक नावाच्या व्ह्यूअरमध्ये बघता येतो. शिकायला मात्र कटकट आहे. एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला की संध्याकाळ गेली. माझ्या चार गेल्या. दुबईच्या चुलतबहिणीला सगळं इन्स्टॉल करायला कोण सांगणार, म्हणून ब्राउझरमध्येच फाइल उघडणाऱ्या केव्हव्ह्यूमधून तिला दाखवलं. तिचा पहिला प्रश्न: "म्हणजे विजापूर नाही?"

अक्षय तृतीयेला लॅपटॉप घेऊन गावी गेले. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वाड्यात गार. सोप्यातल्या टीव्हीला केबल लावली आणि भुयार भिंतीवर फिरू लागलं. पोरं, काकू, शेजारचे दोघं, सगळे. अण्णा पुढं पाट घेऊन बसले. मी सांगत गेले: हे माजघर, इथं पायऱ्या, इथवर विजापूरची दिशा, इथं वळलं, ही विहीर. कुणीच काही बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "वळतंय तिथं फुडं बुजवलंय. आदिलशाही बुडाल्यावर बुजवलं." पडद्यावर त्याला काही उत्तर नव्हतं. मॉडेलमध्ये मोजलेलं तेवढंच दिसतं.

"आन ह्ये काय?" त्यांनी काठी अकराव्या खुणेवर ठेवली. लॉकमध्ये त्या जागी बोळीला भोपळ्यासारखा फुगवटा दिसत होता. खोली, म्हणाले मी. गोल. सव्वातीन मीटर व्यास, उंची पावणेतीन, वर तोंड निमुळतं आणि त्यावर एक दगडी झाकण, मातीत गेलेलं.

"पोरी, खोली कसली, प्याव हाय ते. किती मावंल त्यात?"

घनफळ १९ घनमीटर. ज्वारी घनमीटरला सातशे-साडेसातशे किलो. मी बोटं मोजत सांगितलं, शंभर किलोची सव्वाशे ते दीडशे पोती. अण्णा पहिल्यांदाच पडद्याकडं नीट बघायला लागले. दीडशे पोती म्हणजे काय हे त्यांना कळतं. त्यांच्या आजोबांच्या तोंडी म्हणे एका पेवाची गोष्ट होती, दुष्काळात उघडलेल्या, पण कुठलं पेव हे कुणालाच माहीत नव्हतं. विजापूर बाजूला पडलं. "त्याचं त्वांड आता वर कुठं येतंय, सांगता यील?"

येईल. सर्व्हेक्समध्ये वरचा रस्ता आणि खालची बोळ एकाच फाइलीत होती, अकराव्या खुणेचे आकडे समोर होते. माजघराच्या उंबऱ्यापासून टेप धरला, पिना काढून ठेवल्या, दिशा घेतली. दादा फक्कीची पिशवी घेऊन मागं. टेप अंगण ओलांडून गोठ्याकडं गेला आणि थांबला तो दादाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या बरोबर मधोमध. फक्कीचं वर्तुळ काढायला मी वाकून ट्रॅक्टरखाली गेले. अण्णांनी पहार मागवली आणि वर्तुळात दोनदा आपटली, मग बाहेर दोनदा. आवाज वेगळा होता, तो सगळ्यांनीच ऐकला.

दादा काही न बोलता चावी आणायला आत गेला. ट्रॅक्टर आता कडब्याच्या गंजीपलीकडं लावतात.